गाणे गायकाचे, सनद कोणाची?

उल्हासनगर शहराला कागदाची किंमत समजावून सांगावी लागत नाही. दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीच्या बराकींत सिंधमधून आलेली निर्वासित कुटुंबे उतरली, ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते वसाहतीचे नामकरण झाले, आणि त्यानंतरच्या पिढ्यांनी 'सनद' या एका शब्दासाठी सरकारी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले. सनद नसलेल्या जागेत राहता येते, दुकान थाटता येते, मजलाही चढवता येतो; परंतु ती गहाण ठेवायची वा विकायची वेळ आली की खरी परिस्थिती कळते. ताबा आणि मालकी या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे कायद्याच्या विद्यार्थ्याला पुस्तकातून शिकावे लागते. कॅम्प ५ मधल्या दुकानदाराच्या मुलाला ते घरातच समजलेले असते.

त्याच कॅम्प ५ मध्ये, आणि रेल्वेमार्गाने पुढे अंबरनाथ-बदलापूरच्या वस्त्यांत, मालकीचा हाच प्रश्न आता निराळ्या रूपाने उभा आहे. येथील मुले गाणी करतात. खोलीच्या कोपऱ्यात संगणक, बेताच्या किमतीचा मायक्रोफोन, आवाज घुमू नये म्हणून भिंतीला टांगलेली रजई, आणि शेजारच्या गल्लीतील जीन्स शिवणाऱ्या यंत्रांचा खडखडाट थांबल्यावर रात्री उशिरा उरकलेले ध्वनिमुद्रण, असे या उद्योगाचे स्वरूप आहे. सिंधी लग्नातले लाडे नव्या ठेक्यावर येतात, आगरी हळदीची गाणी येतात, १४ एप्रिलच्या आधी भीमगीते येतात, आणि हिंदी, मराठी व सिंधी यांची सरमिसळ केलेले रॅपही येते. पूर्वी अशा गायकाला कॅसेट कंपनीच्या दारात उभे राहावे लागे. आवाज पसंत पडला तर एकरकमी पैसे हाती येत, आणि पुढे कॅसेट हजारात खपो की लाखात, त्याच्याशी गायकाचा संबंध उरत नसे. आता मधला माणूस गेला असे सांगितले जाते. गाणे थेट इंटरनेटवर चढवावे आणि थेट श्रोत्याला विकावे. वाटेत पायरी एकच आहे. 'अटी मान्य आहेत' या चौकोनावर अंगठा टेकवावा लागतो.

सावकाराच्या कागदावर कुणबी अंगठा उठवीत असे, तो वाचता येत नसे म्हणून. आजचा पदवीधर गायक काचेवर अंगठा टेकवतो, तो वाचता येत असूनही. कागद इंग्रजीत असतो, कायद्याच्या भाषेत असतो, आणि चिकाटीने वाचून काढला तरी त्यातला एक शब्द बदलून घेण्याची सोय नसते. वाचण्याचा लाभ शून्य आणि त्रास मात्र खराच, अशा स्थितीत न वाचणे हा आळस नसून साधा हिशेब आहे. प्रश्न वाचणाऱ्याचा नाही, लिहिणाऱ्याचा आहे.

काय लिहिलेले असते? शब्द कंपनीगणिक बदलतात, सांगाडा मात्र बहुतेक ठिकाणी सारखा आढळतो. गायक कंपनीला परवाना देतो. तो जगभरासाठी असतो, विनामोबदला असतो, तिसऱ्याला पुढे देता येण्याजोगा आणि हस्तांतरणीय असतो. त्यात गाण्याची प्रत काढणे, वितरण करणे, फेरफार करणे, त्यापासून नव्या कृती निर्माण करणे आणि जाहीर सादरीकरण करणे हे सारे येते. काही ठिकाणी 'कायमचा' आणि 'मागे न घेता येणारा' ही विशेषणे असतात. काही ठिकाणी 'आज ज्ञात असलेल्या वा पुढे निर्माण होणाऱ्या सर्व माध्यमांत' असे शब्द असतात. आणि या सर्वांच्या शेजारी एक आश्वासक वाक्य हमखास असते, की गाण्याची मालकी गायकाकडेच राहील. म्हणजे सनद घरमालकाच्याच नावावर राहणार. परंतु सर्व खोल्यांच्या किल्ल्या, पोटभाडेकरू ठेवण्याच्या आणि भिंती पाडण्याच्या अधिकारासह, दुसऱ्याच्या खिशात जाणार.

यातील प्रत्येक शब्द लबाडीने घातलेला आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. गाणे साठवायचे म्हणजे त्याच्या प्रती काढणे आलेच. मोबाइलवर आणि संगणकावर वेगवेगळ्या स्वरूपांत ते ऐकू यावे यासाठी ध्वनिफितीचे रूपांतर करावे लागते, आणि वकिलाच्या काटेकोर दृष्टीने तोही फेरफार ठरू शकतो. श्रोता दुबईत वा हाँगकाँगमध्ये असू शकतो, तेव्हा 'जगभर' हा शब्द हवा. साठवण आणि वहन यांसाठी दुसऱ्या कंपन्यांचे सर्व्हर वापरले जातात, तेव्हा परवाना पुढे देण्याची काही सोय हवी. उद्या एखाद्या गायकाने 'माझ्या गाण्याची प्रत का काढली' म्हणून दावा लावू नये, एवढी खबरदारी घेण्याचा कंपनीला हक्क आहे. येथपर्यंत तक्रारीला जागा नाही.

तक्रार सुरू होते ती याच्या पुढे. गाणे विकण्याच्या कामासाठी 'कायमचा' हा शब्द कशाला लागतो? गायकाने गाणे काढून घेतल्यावर, ज्यांनी ते विकत घेतले त्यांच्यापुरती प्रत टिकवणे समजू शकते. कंपनीचा स्वतःचा हक्क त्यानंतर कशासाठी शिल्लक राहावा? 'नव्या कृती निर्माण करणे' हे दुकानदाराचे काम केव्हापासून झाले? गिरणीवाल्याकडे दळण टाकले म्हणून पुढच्या हंगामाच्या पिकावर त्याचा अधिकार चालत नाही. परवान्याची व्याप्ती कामाच्या व्याप्तीएवढी असावी, हा यातला साधा नियम आहे, आणि तो मोडला जातो त्याचे कारण अर्थशास्त्रीय आहे. जास्तीचा हक्क मागण्यास कंपनीला काही खर्च येत नाही. कोणी वाचत नाही, म्हणून कोणी नाकारत नाही. कोणी नाकारत नाही, म्हणून त्या शब्दाला बाजारात किंमतच उरत नाही. आणि ज्या वस्तूची किंमत शून्य असते, ती गरजेपेक्षा अधिक उचलली जाते. उद्या कोणते तंत्र येईल, कोणता धंदा निघेल हे कंपनीला ठाऊक नसते. परंतु तो निघाला तर हक्क तयार असावा, यासाठी ती आजच फुकटात राखण करून ठेवते.

हे केवळ कल्पनेतले भय नाही. मे २००६ मध्ये बिली ब्रॅग या ब्रिटिश गायकाने मायस्पेस या संकेतस्थळावरून आपली गाणी काढून घेतली. अटींतील परवाना एवढा सैल होता की गाण्यांचा हवा तसा वापर कंपनीला करता येईल, असा त्याचा आक्षेप होता. कंपनीने पुढच्याच महिन्यात अटी सुधारल्या. या कथेचा उत्तरार्ध मात्र फारसा सांगितला जात नाही. सर्व्हर बदलताना २०१६ पूर्वी चढवलेली गाणी नष्ट झाली, असे मार्च २०१९ मध्ये उघड झाले. ती सुमारे १ कोटी ४० लाख कलावंतांची ५ कोटींहून अधिक गाणी असल्याचे सांगण्यात आले. हक्क मागताना कंपनीने शब्दांची काटकसर केली नव्हती. गाणी जपून ठेवण्याचे बंधन मात्र तिच्यावर नव्हते.

यूट्यूबचे उदाहरण आपल्याकडच्या गायकाला अधिक जवळचे आहे. जाहिरातींच्या उत्पन्नात वाटा मिळण्यासाठी वाहिनीला किमान १,००० वर्गणीदार आणि वर्षभरात ४,००० तासांचे प्रेक्षण, किंवा छोट्या चित्रफितींसाठीची निराळी अट, पूर्ण करावी लागते. ही मर्यादा न गाठलेल्या वाहिन्यांवर पूर्वी सामान्यतः जाहिराती लागत नसत. नोव्हेंबर २०२० मध्ये अमेरिकेत आणि १ जून २०२१ पासून इतरत्र अटी बदलल्या, आणि अशा वाहिन्यांवरही जाहिराती लावण्याचा अधिकार कंपनीने स्वतःकडे घेतला. त्या उत्पन्नातला वाटा अर्थातच त्यांना नाही. स्पॉटिफायने २०२४ च्या प्रारंभापासून, मागील बारा महिन्यांत एक हजार वेळा न वाजलेल्या गाण्याला ध्वनिमुद्रणाची रॉयल्टी देणे बंद केले. अशा गाण्यांची रक्कम नगण्य असते आणि ती मध्यस्थांकडेच अडकून पडते, हा कंपनीचा खुलासा वस्तुस्थितीला धरून आहे. परंतु नगण्य रकमा एकत्र करून त्या मोठ्यांच्या पंगतीला वाढल्या गेल्या, हेही तितकेच खरे आहे. दोन्ही प्रसंगी जुन्या गाण्यांना नव्या अटी लागू झाल्या, आणि गायकापुढे पर्याय राहिले ते दोनच: मान्य करणे किंवा निघून जाणे. पाच वर्षांत जमवलेले श्रोते निघून जाताना बरोबर नेता येत नाहीत, हे सांगायला नकोच.

सर्वांत अलीकडचा प्रकार साउंडक्लाउडचा. स्वतंत्र संगीतकारांचे आवडते घर म्हणून या कंपनीचा लौकिक. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिच्या अटींत कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रशिक्षणासाठी गाण्यांचा वापर करता येईल अशा अर्थाचे कलम शिरले. ते कोणाच्या ध्यानात आले ते मे २०२५ मध्ये, म्हणजे सव्वा वर्षाने. गदारोळ झाल्यावर कंपनीने जाहीर केले की कलावंतांच्या गाण्यांवर तिने कधीही असे प्रशिक्षण केलेले नाही, आणि कलावंताच्या स्पष्ट संमतीवाचून त्याच्या आवाजाची वा संगीताची नक्कल करणारे यंत्र घडवणार नाही असे शब्द अटींत घालू. या खुलाशावर अविश्वास दाखवण्याचे कारण नाही. उलट तो खरा मानला तरच मुद्दा स्पष्ट होतो. जो हक्क कधी वापरलाच नाही असे कंपनी स्वतः सांगते, तो सोडून देण्याने तिचे काय बिघडते?

यावर एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. परवाना अनन्य नाही. गायकाला तेच गाणे दुसरीकडे विकायला कोणी अडवलेले नाही. मग नुकसान कोणते? ज्याने शेतजमिनीचा व्यवहार केला आहे त्याला याचे उत्तर माहीत आहे. सातबाऱ्यावर 'इतर हक्क' म्हणून एक रकाना असतो. त्यात कोणाच्या नावाची नोंद असली तरी मालक मालकच असतो; पण गिऱ्हाईक आले की पहिल्यांदा त्याच रकान्यावर बोट ठेवते आणि भाव पाडते. गाण्याला खरी किंमत येते ती चित्रपटवाल्याला वा जाहिरातदाराला ते केवळ आपल्यासाठी हवे असते तेव्हा. आधीच कोणाला कायमचा, मागे न घेता येणारा, तिसऱ्याला देता येण्याजोगा परवाना दिलेला असेल, तर 'केवळ आपल्यासाठी' हे वचन गायकाला प्रामाणिकपणे देताच येत नाही. बोजा दिसत नाही, म्हणून तो नाही असे होत नाही.

आपल्या देशातील कायद्याला हा प्रश्न अपरिचित आहे असेही नाही. १९६० च्या दशकाच्या प्रारंभी लता मंगेशकर यांनी गायकांना रॉयल्टी मिळावी असा आग्रह धरला, महंमद रफी यांचे मत वेगळे पडले, आणि काही वर्षे दोघांनी एकत्र गाणे थांबवले, ही हकीकत सर्वांना ठाऊक आहे. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटासाठी मोबदला घेऊन गीत वा संगीत रचले की, विरुद्ध करार नसल्यास, त्याचा पहिला मालक निर्माता, असा निकाल दिला. त्याच निकालात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी गायकाला आपल्या कायद्यात स्थानच नाही याबद्दल खंत व्यक्त केली. पुढे पस्तीस वर्षे गेली. २०१२ च्या दुरुस्तीसाठी जावेद अख्तर यांनी राज्यसभेत आणि बाहेर किल्ला लढवला, दोन्ही सभागृहांनी ती मंजूर केली, आणि २१ जून २०१२ पासून ती अमलात आली. गीतकार व संगीतकार यांचा रॉयल्टीतील समान वाटा करार करूनही काढून घेता येणार नाही, असे त्या दुरुस्तीने ठरवले. हस्तांतरणाच्या वेळी अस्तित्वात नसलेल्या माध्यमाला, त्याचा स्पष्ट उल्लेख नसेल तर, ते हस्तांतरण लागू होणार नाही, असेही ठरले. मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षे आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारत, हा नियम कायद्यात आधीपासूनच होता.

एवढे संरक्षण असताना कॅम्प ५ च्या गायकाला ते का पोहोचत नाही? येथे थोडे कायद्याच्या कलमांत शिरावे लागते. पाच वर्षे आणि भारत हा नियम करार मौन पाळत असेल तेव्हाच लागू होतो, आणि या अटी कशाविषयीही मौन पाळत नाहीत. न जन्मलेल्या माध्यमाविषयीचे संरक्षण कलम १८ मध्ये आहे, आणि ते कलम हस्तांतरणाविषयी बोलते, परवान्याविषयी नाही. परवान्यांना कलम १९ लागू करणारे कलम ३०-अ आहे, त्यात १८ चा उल्लेख नाही. हस्तांतरणाला सही लागते. परवान्यालाही पूर्वी सही लागत असे, पण २०१२ च्याच दुरुस्तीने कलम ३० मधील सहीची अट वगळली. आपले साहित्य स्वखुशीने सर्वांना खुले करू इच्छिणाऱ्यांची त्यामुळे सोय झाली, हे खरे; परंतु काचेवरच्या अंगठ्यालाही त्याच दाराने प्रवेश मिळाला. आणखी एक गोष्ट आहे. २०१२ चा कायदा गीतकार-संगीतकार एका बाजूला आणि ध्वनिमुद्रण करणारी कंपनी दुसऱ्या बाजूला, असे चित्र डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेला आहे. रजईआड गाणारा मुलगा हा गीतकार, संगीतकार, गायक आणि ध्वनिमुद्रणाचा निर्माता, सर्व काही एकटाच असतो. निर्माता म्हणजे बलवान पक्ष, या गृहीतामुळे निर्मात्याच्या हक्काला तसले संरक्षण नाही. म्हणजे जो चारी अंगांनी दुबळा, तोच कायद्याच्या लेखी अर्धा कंपनी ठरतो.

करारांचा सर्वसाधारण कायदा येथे उपयोगी पडेल का? इंग्लंडमध्ये १९६६ साली टोनी मॅकॉले नावाच्या एकवीस वर्षांच्या गीतकाराने ५० पौंड अग्रिम घेऊन छापील करारावर सही केली. पाच वर्षांतील, आणि प्रसंगी दहा वर्षांतील, सर्व गाण्यांचे जगभरचे हक्क प्रकाशकाकडे गेले. ती प्रकाशित करण्याचे बंधन प्रकाशकावर नव्हते. १९७४ मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सने तो करार अमलात आणण्याजोगा नाही असे ठरवले, कारण तो छापील होता, वाटाघाटीतून जन्मलेला नव्हता, आणि एका बाजूची सौदाशक्ती फारच मोठी होती. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये ब्रोजोनाथ गांगुली खटल्यात हेच तत्त्व अधिक व्यापक शब्दांत मांडले. ज्याला ठिपक्यांच्या रेषेवर सही करण्यावाचून गत्यंतर नाही, त्याच्यावर लादलेली अवाजवी अट सार्वजनिक धोरणाविरुद्ध म्हणून रद्द ठरते. परंतु त्याच निकालाने असेही सांगितले की व्यापाऱ्यांनी आपसात समान पातळीवर केलेल्या करारांना हे लागू नाही. गाणे 'विकणारा' मुलगा हा व्यापारीच, असे कंपनीचा वकील म्हणणार हे उघड आहे. आणि हा वाद निकालात निघेपर्यंत लढण्याइतके गाठोडे कोणापाशी असते? अरिजित सिंग यांच्या आवाजाची यंत्राने नक्कल होऊ लागली तेव्हा त्यांना जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाकडून मनाई हुकूम मिळाला. तो योग्यच होता. परंतु अप्रसिद्ध गायकाकडे ना तेवढे नाव, ना तेवढे वकील. शिवाय 'परवानगी तर तुम्हीच दिली होती' हा कागद त्याच्या विरोधात तयार.

आणि या कागदात आणखी एक फट आहे, जिच्याकडे फारसे लक्ष जात नाही. गाणे चढवताना गायक हमी देतो की सर्व हक्क त्याचेच आहेत, आणि तसे नसल्यास होणारा खर्च तो सोसेल. आगरी-कोळ्यांच्या लग्नात धवलारिणी धवले गातात, सिंधी घरांत वडीलधाऱ्या बायका लाडे गातात. ही गाणी कोणाची? ती कोणाचीही नाहीत आणि सर्वांची आहेत. एखाद्याने त्यातील चाल उचलून ध्वनिमुद्रित केली आणि यंत्राच्या नोंदवहीत आपल्या नावे चढवली, की त्याच चालीवर गाणाऱ्या दुसऱ्या गावच्या मुलावर हरकत येऊ शकते. यंत्राला सूर जुळतो एवढेच कळते. तो सूर आजीकडून आलेला आहे हे कळत नाही. नकली मालाच्या विनोदासाठी ज्या शहराचे नाव देशभर घेतले जाते, त्या शहरातल्या मुलाला अस्सल असल्याचा पुरावा देत बसावे लागावे, हा दैवाचा विनोदच म्हणायचा.

महाराष्ट्राने अशा कागदांचा अनुभव पूर्वी घेतलेला आहे. १८७५ च्या मे महिन्यात सुप्यापासून दख्खनचे दंगे पेटले, तेव्हा पुणे आणि नगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांचा रोख सावकाराच्या जिवापेक्षा त्याच्या दप्तरावर होता. त्यांनी कर्जरोखे जाळले. त्यानंतर आलेल्या १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने दोन गोष्टी केल्या. रोखा गावच्या निबंधकासमोर लिहिला जावा आणि त्यातील अटी शेतकऱ्याला समजल्या आहेत याची त्याने खात्री करून घ्यावी, ही एक. रोख्यावर काय लिहिले आहे एवढेच न पाहता व्यवहाराचा मूळ इतिहास न्यायालयाने तपासावा, ही दुसरी. या कायद्याचे गुणगान करण्याची गरज नाही. सावकारांनी गहाणाऐवजी खरेदीखते लिहून घ्यायला सुरुवात केली, आणि काही ठिकाणी पतपुरवठा आटला, अशी टीका त्यावर झाली आणि ती निराधार नव्हती. आज कंपन्यांवर बंधने घातली तर छोट्या गायकांना त्या दारातच उभ्या करणार नाहीत, ही भीती त्याच जातीची आहे. परंतु सावकाराला भांडवल अडकवावे लागत होते आणि बुडण्याचा धोका होता. गाण्याच्या दुकानदाराला एका गाण्यामागे येणारा जास्तीचा खर्च जवळजवळ नाही, आणि मालाची विविधता हेच त्याचे भांडवल आहे. छोट्यांना हाकलून त्याचे दुकान चालणार नाही.

तेव्हा अशक्य कोटीतील काही मागायचे नाही. परवाना विक्रीच्या आणि वहनाच्या कामापुरता असावा, आणि गाणे काढून घेतल्यावर वाजवी मुदतीत संपावा. नव्या वापरासाठी, विशेषतः यंत्राच्या प्रशिक्षणासाठी, वेगळी आणि स्पष्ट संमती असावी. गप्प राहणे म्हणजे होकार नव्हे. अटी बदलल्या तर त्या मागे जाऊन लागू होऊ नयेत. युरोपीय संघाच्या २०१९ च्या नियमांनी ऑनलाइन बाजारमंचांवरून विक्री करणाऱ्या व्यावसायिकांना किमान पंधरा दिवसांच्या पूर्वसूचनेचा आणि पूर्वलक्षी बदलांपासून संरक्षणाचा हक्क दिलेला आहे, आणि त्यामुळे तेथील दुकाने बंद पडलेली नाहीत. अमेरिकेच्या १९७६ च्या कायद्यानुसार लेखकाने दिलेला हक्क वा परवाना पस्तीस वर्षांनी परत घेण्याचा मार्ग त्याला मोकळा असतो. 'कायमचा' हा शब्द तेथेही कायद्याला मुकाट्याने मान्य नाही.

आपल्याकडे हा विषय लांबणीवर टाकता येण्याजोगा राहिलेला नाही. केंद्र सरकारच्या उद्योग संवर्धन आणि अंतर्गत व्यापार विभागाच्या समितीने डिसेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कार्यपत्रात, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कंपन्यांना कायदेशीर मार्गाने उपलब्ध झालेले साहित्य प्रशिक्षणासाठी वापरण्याचा सक्तीचा परवाना द्यावा आणि त्याबदल्यात निर्मात्यांना रॉयल्टी मिळावी, अशी कल्पना मांडलेली आहे. ती चांगली की वाईट याचा निवाडा येथे करण्याचे प्रयोजन नाही. परंतु पैसे वाटण्याची वेळ येईल तेव्हा ज्याचे नाव दप्तरी असेल त्याला ते मिळतील, आणि चार मध्यस्थांच्या हातून फिरलेल्या गाण्याच्या दप्तरी कोणाचे नाव असेल हे आजच्या अटींवर अवलंबून आहे.

तोवर गायकाच्या हाती एक मार्ग आहे, तो थोडक्यांना ठाऊक आहे. कलम १९ मध्ये २०१२ साली घातलेल्या एका उपकलमानुसार, कॉपीराइट सोसायटीचा सभासद असलेल्या गीतकार-संगीतकाराने सोसायटीला आधी दिलेल्या हक्कांशी विसंगत असे नंतरचे हस्तांतरण रद्दबातल ठरते; आणि कलम १९ परवान्यांनाही लागू असल्याने अंगठ्याच्या परवान्यालाही ते लावता येईल, असा युक्तिवाद करण्यास जागा आहे. १९६९ पासून चालू असलेल्या इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीचे सभासदत्व केवळ चित्रपटवाल्यांसाठी नाही. कल्याणपासून बदलापूरपर्यंत महाविद्यालयांची वाण नाही. वाणिज्य शाखेत कराराचा कायदा शिकवला जातो, आणि त्याच वर्गात मागच्या बाकावर गाणी करणारी मुले बसतात. ज्या अटींवर त्यांनी काल रात्री अंगठा टेकवला, त्या छापून वर्गात एक तास वाचल्या तर अभ्यासक्रमाबाहेर काही शिकवले असे होणार नाही. बाकीचे काम संसदेचे आहे. कलम ३०-अ मध्ये 'कलम १९' आहे तेथे 'कलमे १८ व १९' एवढा बदल करावा, आणि मोफत दिलेला परवाना निर्मात्याने कृती मागे घेतल्यावर नव्वद दिवसांत संपेल, असे एक वाक्य त्याखाली जोडावे. दुरुस्तीचा मसुदा अर्ध्या पानात मावेल.